जिनिंगच्या गोदामात वाजलेले दोन फेरे

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर मी वर्षभर नुसता वाचतोय. खरं सांगायचं तर बरेचसे अनुभव वाचून कंटाळा येतो... तेच झाड, तीच पांढरी साडी, तीच मागून आलेली हाक. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि आज आहे असंही म्हणवत नाही. मी आयुष्यभर मेंटेनन्सचं काम केलं. मशीन बंद पडलं म्हणजे काहीतरी तुटलेलं, जळलेलं किंवा सैल झालेलं असणार, आणि शोधलं की ते सापडणार. या एका समजुतीवर माझी सगळी नोकरी निभावली. शोधूनही न सापडलेली एकच गोष्ट आहे. आता शोधायचं त्राण उरलेलं नाही, म्हणून सांगून मोकळा होतो.

यात भूत वगैरे नाही. ज्यांना घाबरायचंय त्यांची निराशा होईल, हे आधीच सांगतो.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. १९७३ साली मला देवासच्या इंडस्ट्रियल एरियात एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला नोकरी लागली. कॉलनीत निम्मे लोक महाराष्ट्रातूनच आलेले. रेडिओ, अँप्लिफायर दुरुस्त करायचा मला नाद होता, त्यामुळे गणपतीतल्या कार्यक्रमांचे माइक आपोआप माझ्या गळ्यात पडायचे. असाच एका रविवारी एक पन्नाशीचा गृहस्थ सायकलच्या कॅरियरला अँप्लिफायर बांधून दारात उभा राहिला.

"भिया, हा सारखा गुरगुरतोय. बघता का जरा? मैं बैठता हूँ, काही घाई नाही."

ते अरविंद शिर्के. तिकडे 'भिया' म्हणजे भाऊ, म्हणून सगळे त्यांना अरूभिया म्हणत. दरबाराबरोबर धारला आलेलं मराठा घराणं, वडील संस्थानच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. अरूभियांची मराठी माझ्यापेक्षा जुनी होती, आईला 'मातोश्री' म्हणायचे, आणि दुसऱ्याच वाक्याला हिंदीत शिरायचे. अठराव्या वर्षी घर सोडून ते मुंबईला, मग कलकत्त्याला गेले. वीस-पंचवीस वर्षं हॉटेलांच्या बँडमध्ये जॅझ गिटार वाजवली. मातोश्री अंथरुणाला खिळल्या म्हणून देवासला बहिणीकडे परत आले. दुसरं कारण त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. डाव्या हाताची बोटं सकाळी सुजायची, मुठीत वळायची नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, हे वाढतच जाणार.

अँप्लिफायर दुरुस्त झाल्यावर त्यांनी तो तपासायला म्हणून गिटार लावली आणि दहा मिनिटं वाजवलं. मला त्यातलं काही कळलं नाही. इतकं भराभर, की एक तुकडा ऐकतोय तोवर पुढचे दोन निघून जायचे. "याला बॉप म्हणतात," ते म्हणाले. "आधी सगळे मिळून एक मुखडा वाजवतात. मग एकेकाची पाळी. आपल्या पाळीला जे सुचेल ते, पण चौकटीत. बत्तीस बारचा, म्हणजे चार-चार मात्रांच्या बत्तीस घरांचा, एक फेरा. शेवटी परत सगळे मिळून मुखडा. बस, इतनाच है."

त्यांना एक रेकॉर्ड करायची होती. स्वतःची, आयुष्यातली पहिली. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या मागे वाजवून झालं होतं आणि बोटांना किती दिवस उरलेत ते माहीत नव्हतं. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीतल्या ओळखीच्या माणसाने टेप पाठवली तर ऐकीन, असं म्हटलं होतं. तेवढ्यावर त्यांनी माणसं जमवली. ड्रम्सवर जोसेफ, इंदूरच्या एका शाळेत पी.टी. शिकवायचा. महूच्या फौजी बँडमधून रिटायर झालेले तिवारीजी डबल बास वाजवायचे. धारच्या एका लग्नाच्या बँडमधले हमीदभाई सॅक्सोफोनला, आणि त्याच बँडचे मास्तर, दत्ताराम, ट्रम्पेटला. मास्तर आणि अरूभिया लहानपणापासूनचे. दोघांचे बाप एकाच बँडमध्ये, दोघांनी एकाच माणसाकडून नोटेशन शिकलेलं. एक गाव सोडून गेला, एक धारलाच राहून वराती वाजवत राहिला. रेकॉर्डिंगचं काम माझ्याकडे आलं, कारण दुसरं कोणी नव्हतं.

दोन वर्षं दर दुसऱ्या रविवारी रिहर्सल. मास्तर आणि हमीदभाई धारहून इंदूर, इंदूरहून देवास, असे बस बदलत यायचे. मास्तर जेमतेम पाच फूट उंच, नेहमी कोट घातलेला, फारसं बोलायचे नाहीत. त्यांचं ट्रम्पेट ओळखायला संगीत कळावं लागत नसे. उघड्या रस्त्यावर वाजवून वाजवून त्यांचा सूर रुंद झाला होता, आणि प्रत्येक तुकडा ते जरा उशिरा उचलायचे. वाटायचं, आता चुकले... आणि मग नेमके जागेवर यायचे. जोसेफ त्यावर हसायचा, पण ड्रम्सवर उत्तर मात्र बरोबर द्यायचा.

१९७९च्या जानेवारीत मास्तरांना लकवा झाला. राजगढला लग्न वाजवून थंडीत उघड्या ट्रकमधून परत आले आणि सकाळी तोंडाची डावी बाजू लोंबलेली. एक डोळा मिटेना, ओठ जुळेनात. चूळ भरली तर पाणी एका बाजूने वाहून जायचं, तिथे ट्रम्पेटमध्ये हवा कशी भरणार? अरूभिया आणि मी भेटायला गेलो. मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, "दुसरा बघ अरू. इंदूरला पोरं आहेत."

"तुझी जागा आहे, दत्तू. ती तशीच राहील."

परतताना बसमध्ये मी म्हटलं, अहो, जागा तशीच ठेवून टेप कशी होणार? ते खिडकीबाहेर बघत राहिले. पुढचा महिना याच वादात गेला. जोसेफने इंदूरचा एक ट्रम्पेटवाला सुचवला, अरूभिया नाही म्हणाले. त्यांच्या बोटांना आता रोज गरम पाण्याची बादली लागत होती. मी तर थकून गेलो होतो. दिवसभर कारखाना, संध्याकाळी यांचं रुसणं-समजावणं. पुष्कळदा वाटायचं, आपला काय संबंध? पण टेपचं मशीन मुंबईहून मागवलेलं होतं, माझ्या घरात कॉटखाली ठेवलेलं होतं, आणि चालवता फक्त मला येत होतं.

शेवटी फेब्रुवारीतला एक मंगळवार ठरला. जागा म्हणजे धारच्या एका जिनिंग फॅक्टरीचं गोदाम. मंगळवारी काम बंद असायचं, आणि शेठ सहकुटुंब मोहनखेड्याला दर्शनाला जाणार होते. किल्ली हमीदभाईंच्या ओळखीने मिळाली. ही जागा मीच पसंत केली होती, कारण रुईच्या गाठी आवाज पिऊन टाकतात, घुमत नाही. आम्ही गाठी सरकवून तीन बाजूंनी पुरुषभर उंचीची भिंत केली. चौथ्या बाजूला मी, टेबलावर टेप आणि मिक्सर. तीन माइक होते. एक गिटारच्या अँप्लिफायरसमोर, एक ड्रम्स आणि बासच्या मध्ये, एक हमीदभाईंसमोर. शेवटच्या माइकशेजारी, डाव्या हाताला, मास्तरांची उभं राहायची जागा. अरूभियांनी ती मोकळी ठेवायला लावली.

तिथेच जोसेफचा तोल गेला. "दो फेरे खाली पे बजाऊँ क्या, अरूभिया? ऊपर कोई है ही नहीं. कंपनीवाला हँसेगा."

मग अरूभियांनी गिटार मांडीवर घेतली आणि खाली बघतच म्हणाले, "ठीक है. हमीद, उसकी बारी तू ले ले. दो फेरे."

हे सकाळी अकराच्या सुमारास, गोदामात, सगळ्यांच्या समोर ठरलं. त्याआधी ठरलेलं नव्हतं. त्यानंतर बाहेरच्या गाड्यांचा आवाज नको म्हणून मी स्वतः दाराला आतून अडसर घातला, आणि संध्याकाळी तो मीच काढला. जेवणही आत झालं. या गोष्टी मुद्दाम लिहितोय. पुढे लागतील.

टेपसाठी चार तुकडे बसवले होते, त्यातले पहिले तीन बरे झाले. अरूभिया प्रत्येक तुकड्यानंतर थर्मासमधलं गरम पाणी वाटीत ओतून बोटं बुडवून बसत. चौथा तुकडा मोठा, मास्तरांनी आणि त्यांनी मिळून बांधलेला, मास्तरांची दोन फेऱ्यांची पाळी याच्यातच होती. पहिल्या खेपेला मध्येच अरूभियांची करंगळी अडकली, थांबावं लागलं. दुसऱ्या खेपेला अडीच वाजले असतील. मी हेडफोन लावून बसलो, हाताने खूण केली.

मुखडा झाला. मग गिटारचे तीन फेरे. मला तोवर दोन वर्षं ऐकून थोडंफार कळायला लागलं होतं, आणि तसं ते आधी कधी वाजले नव्हते. हात दुखणाऱ्या माणसाचं ते वाजवणं नव्हतंच. तिसरा फेरा संपला आणि हमीदभाईंची पाळी आली.

हेडफोनमध्ये काहीच आलं नाही. बास चालू, ड्रम्स चालू, गिटारच्या कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर) चालू, आणि वर कोणी नाही. एक बार, दोन बार, चार. मी मान वर केली. हमीदभाई उभे होते, सॅक्सोफोन गळ्यात लोंबत होता, आणि ते डावीकडे बघत होते. मला वाटलं, विसरले. किंवा माइक गेला. पण माइक गेला म्हणावं तर सॅक्सोफोन तोंडातही नव्हता. खूण करायला म्हणून मी हेडफोन कानावरून खाली ओढला...

गोदामात ट्रम्पेट वाजत होतं.

मी हेडफोन परत लावला. ट्रम्पेट नाही. काढला. आहे. रुंद, जरा उशिरा उचललेलं, हमीदभाईंच्या शेजारच्या त्या मोकळ्या जागेतून येत होतं. तिसऱ्या माइकपासून दीड हातावर. मी त्या माइकचं बटण वर ढकललं, मीटरच्या काट्याकडे बघितलं. हमीदभाईंनी पाय हलवला, तेवढा काटा हलला. तीन वेळा काढलं-घातलं असेन. भीती वाटली नाही. आधी राग आला. एखादं मशीन आपल्याला बनवतंय असं वाटतं ना, तसा. मग मी हेडफोन गळ्यात ठेवून नुसता ऐकत बसलो. जोसेफ मान खाली घालून त्या तुकड्यांना उत्तरं देत होता. अरूभियांनी डोळे मिटले होते. दोन फेरे झाले आणि सगळ्यांनी मिळून शेवटचा मुखडा उचलला, जणू काही झालंच नाही.

संपल्यावर हमीदभाई पहिल्यांदा बोलले. "मास्टर कब आए?"

ते गाठींच्या मागे जाऊन आले. तिवारीजी दार बघून आले. अडसर जागेवर होता. गोदामाला दुसरं दार नव्हतं, खिडक्या वर छताशी, लोखंडी जाळीच्या.

"सदा, टेप लाव," अरूभिया म्हणाले.

मी लावली. मला काय ऐकू येणार ते माहीत होतं. गिटारचे तीन फेरे, आणि मग नुसती साथ. रिकामी, व्यवस्थित साथ. ड्रम्स कुणाला तरी उत्तर देतायत, पण विचारणारा नाही.

जोसेफ उठून माझ्या टेबलापाशी आला. "तूने माइक बंद कर दिया था."

"नहीं किया."

"तो कहाँ गया? हमने सुना है. सबने सुना है."

"मैंने भी सुना है," मी म्हटलं. "इससे नहीं सुना." आणि हेडफोन त्याच्या हातात दिला. त्याने तिसऱ्या माइकसमोर टाळी वाजवून बघितली. काटा उडाला. टाळी टेपवर आली. आणखी काय तपासणार?

मी म्हटलं, परत एकदा घेऊ, पंधरा मिनिटांची टेप शिल्लक आहे. अरूभियांनी डावा हात पुढे केला. बोटं अर्धी वळलेली होती आणि सरळ होत नव्हती. त्या दिवशी नाही, आणि नीटशी पुढे कधीच झाली नाहीत.

पाचच्या सुमारास अरूभिया, हमीदभाई आणि मी मास्तरांच्या घरी गेलो. जोसेफ आला नाही. काकी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, अंगणात गहू निवडत होत्या. म्हणाल्या, जेवण झाल्यापासून हे इथे माझ्यासमोर खुर्चीवर बसलेत, हललेले नाहीत. मधे घाम फुटला, मी पुसला. आता अंगात त्राण नाही म्हणतात.

मास्तरांचं तोंड तसंच वाकडं होतं. ट्रम्पेट आत खुंटीला, पिशवीत. अरूभिया त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसले. कोणी काही विचारलं नाही. मास्तरच बोलले, ओठाच्या एका बाजूने, समजायला कष्ट पडत होते.

"पहिल्या फेऱ्यात जरा घाई झाली, अरू."

अरूभिया म्हणाले, "नाही झाली."

मग मास्तरांनी हमीदभाईंकडे बघितलं. "माफ करना भई. बारी तुझे दी थी उन्होंने. मैंने ले ली."

हमीदभाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि तोंड फिरवलं. मी दाराशी उभा होतो. पाळी हमीदभाईंना दिली हे त्या दिवशी अकरानंतर पाच माणसांना माहीत होतं, आणि पाचही जण अडसर घातलेल्या गोदामात होते. मी नंतर प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारलं, मास्तरांच्या कानावर घातलं होतं का; सगळे नाही म्हणाले. तिवारीजी तर चिडले माझ्यावर.

टेप मुंबईला गेली. दोन महिन्यांनी ओळखीच्या माणसाचं पत्र आलं. पहिले तीन तुकडे ठीक आहेत, चौथ्यातली गिटार फार वरच्या दर्जाची आहे, पण मध्ये मोठं भोक आहे. आमच्याकडचा ट्रम्पेटवाला त्यावर वाजवून देईल, मग पुढे सरकवता येईल. कबूल असेल तर कळवा.

अरूभियांनी नाही म्हणून कळवलं.

मी भांडलो. आयुष्यात एवढा कुणाशी भांडलो नाही. म्हटलं, दोन वर्षं आम्ही सगळे तुमच्या मागे राबलो, आता बोटं गेली, दुसरी संधी नाही, आणि तुम्ही एका रिकाम्या जागेसाठी...

"रिकामी नाहीये ती," ते म्हणाले. "तू ऐकलंस ना. तिथे वाजून झालंय."

"टेपवर नाही वाजलेलं."

"टेपचं मला नको सांगू, भिया. मी थकलोय."

मी तीन वर्षं त्यांच्याकडे गेलो नाही. एकाच गावात राहून. नंतर बाजारात भेट झाली, दोघांनाही ताणायची ताकद नव्हती, बोलणं सुरू झालं. तोवर ते गिटार वाजवत नव्हते, कॉलनीतल्या मुलांना सिनेमाच्या गाण्यांच्या कॉर्ड तोंडी सांगायचे. मास्तरांचं तोंड वर्षभरात बरंच सुधारलं. ट्रम्पेटला मात्र त्यांनी परत हात लावला नाही. एकदा मी धारला गेलो असता धीर करून विचारलं, मास्तर, त्या दिवशी नेमकं काय झालं होतं? ते विचार करून म्हणाले, "तोंड सरळ असल्यासारखं वाटलं. अरूची गिटार ऐकू आली. मग वाजवलं." आणि थोड्या वेळाने, "फार दमलो रे त्यानंतर. आठ दिवस उठवेना."

अरूभिया १९८८ साली गेले. तेराव्याला मास्तर देवासला आले, काठी टेकत. जेवणं झाल्यावर मला म्हणाले, ती टेप आहे का? त्यांनी ती एकदाही ऐकलेली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. कॅसेटवर उतरवून ठेवलेली होती. माझ्या घरी, खिडकीशी बसून आम्ही दोघांनी ती ऐकली. गिटारचे तीन फेरे झाले, मोकळी साथ सुरू झाली. मी त्यांच्याकडे बघत होतो. मला वाटत होतं, यांना तरी ऐकू येईल.

ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मी कॅसेट बंद केली.

"मी नाही यात," ते म्हणाले.

"नाही."

"पण कॉर्ड बघ कशा दिल्यात अरूने. मी श्वास घेतला तिथे तोही थांबलाय." मग त्यांनी विचारलं, "तू ऐकलं होतंस ना, सदा? नक्की?"

मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, काठी घेतली आणि पाचची बस आहे म्हणून उठले.

इथले जाणकार म्हणतील, सगळ्यांना ते ऐकायचंच होतं म्हणून ऐकू आलं. शक्य आहे. पण मला नव्हतं ऐकायचं. मला टेप संपवून घरी जायचं होतं. आणि पाळीचं मास्तरांना कसं कळलं, याला तर काहीच उत्तर नाही. मी कानही तपासून घेतले आहेत, दोनदा. हेडफोन काढला तेव्हा ट्रम्पेट वाजत होतं, लावला तेव्हा नव्हतं. हे मी कुठेही शपथेवर सांगेन. त्याच्या पुढचं कोणाला कळलं तर मला जरूर लिहा, फक्त वाद घालू नका.